छातीवरचं खुरपं

पोळा फुटून आठ-दहा दिवस झाले की आमच्या शाळेच्या फळ्यावर तो कागद लागतो. तालुकास्तरीय शालेय क्रीडा स्पर्धा. मजकूर दरवर्षी तोच, तारखा तेवढ्या बदलतात. आणि दरवर्षी तो वाचताना माझ्या गुडघ्यांना आधी कळतं आणि मला नंतर. मी जळगाव जामोदला मराठी शिकवते. मैदानाशी माझा आता काही संबंध नाही, निदान कागदोपत्री नाही. तरी मधल्या सुट्टीत डबा हातात तसाच धरून मी कडेला उभी राहते, उत्तरेला सातपुडा स्वच्छ दिसत असतो, आणि समोर कबड्डीच्या पोरी एकमेकींच्या तंगड्या ओढत असतात. त्यांचे सर मला काही बोलत नाहीत. बोलून उपयोग नाही हे त्यांना पहिल्याच वर्षी कळलं.

यंदा त्या पोरीच माझ्याकडे आल्या. टी-शर्टवर छापायला चिन्ह हवं होतं, आणि चिन्ह म्हणजे भाषेच्या मॅडमचं काम अशी त्यांची समजूत. मोबाइलवर त्यांनी चार चित्रं काढून ठेवली होती. पंख पसरलेला गरुड, डरकाळी फोडणारा वाघ, कसला तरी आगीचा लोळ. आणि चौथ्या चित्रात तीन सिंह, एकाखाली एक, पुढचा पंजा उचललेले, तोंड वळवून आपल्याकडे बघणारे. मी एवढ्या मोठ्यानं हसले की शिक्षक-खोलीतून दोघं बाहेर डोकावले.

"काऊन हासता मॅडम? भारी हाय ना? एकदम राजेशाही."

"हे कोणाचे सिंह आहेत, माहीत आहे का?"

"कोणाचे असन ते असन. शेर तं शेरच असते ना."

आता यावर मी काय बोलणार? हेच वाक्य, जवळपास याच शब्दांत, मी स्वतः एकदा धाडच्या बाजारात म्हटलं होतं. आणि त्याची शिक्षा भर मैदानात, अख्ख्या जिल्ह्यासमोर भोगली होती.

तेव्हा मी अकरावीत होते. आमचं गाव धाडपासून चालत अर्ध्या तासावर, शाळा धाडला. भादव्याचं ते ऊन मला अजून पाठीवर जाणवतं. पाऊस उघडून डोक्यावर नुसतं तापलेलं आभाळ, सोयाबीनची पानं कडेकडेनं पिवळी पडायला लागलेली, कपाशीत निंदणाची शेवटची पाळी चाललेली. शाळेच्या मैदानाची काळी माती पायाला अशी चिकटायची की दोन चढाया केल्या की प्रत्येकीच्या तळव्याला चपलेएवढा थर. आम्ही तो खुरप्यानंच खरवडायचो. खुरपं दप्तरात असायचंच, कारण शाळा सुटली की घरी जायच्या आधी वाटेतल्या वावरात आईच्या हाताखाली दोन ओळी निंदून जावं लागायचं. निंदण म्हणजे पिकातलं गवत बसून काढणं. सांगायला सोपं आहे. दिवसभर उकिडवं बसून, पाय न उचलता, नुसतं सरकत सरकत एक तुकडा पुरा करून पाहा, मग बोला.

त्या निंदणानं बोटांच्या भेगांत हिरवट-काळे डाग बसायचे. साबणानं जात नसत, लिंबानं जात नसत. आणि आमच्या अंगातले टी-शर्ट होते बियाणं-औषधवाल्यांनी शेतकरी मेळाव्यात फुकट वाटलेले. बापांना मिळाले, आम्ही घातले. माझ्या छातीवर कपाशीचं भलंमोठं बोंड होतं. आमच्या कप्तानाच्या, करुणाच्या छातीवर तणनाशकाची जाहिरात होती, वाळून मेलेल्या गवताच्या चित्रासकट. आदल्या वर्षी याच अवतारात आम्ही बुलढाण्याला जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलो होतो. समोर शहरातल्या शाळेचा संघ, सगळ्यांचे एकसारखे शर्ट, पाठीवर नाव, पायांत बूट. सामन्याआधी हात मिळवायची पद्धत असते. त्यांच्या बारा नंबरच्या उंच पोरीनं माझा हात हातात घेतला, बोटं पाहिली, छातीवरचं बोंड पाहिलं आणि मागे वळून म्हणाली, "निंदणवाल्या आल्या गं." झालं. सामनाभर तेच. आम्ही एका गुणानं हरलो, आणि परतीच्या बसमध्ये मी हात ओढणीत गुंडाळून बसले होते.

करुणा रडली नाही. ती रडणाऱ्यांतली नव्हतीच. ती पुढच्या वर्षी बारावीत जाणार होती, आणि बारावीनंतर शालेय स्पर्धा संपतात. तिनं बसमध्ये एवढंच सांगितलं, "आता एकच वर्ष उरलं माह्यापाशी. पुढच्या बारीले जिंकलो नाई ना उज्जे, तं हे नाव जलमभर चिकटलं समज." उज्जे म्हणजे मी. उज्ज्वला असं पूर्ण नाव फक्त हजेरीत निघायचं.

तर मग ते शेवटचं वर्ष. आमचे खेळाचे सर, वानखडे सर, म्हणाले की यंदा शर्ट मी घेतो, पण निवड तुम्ही करा. म्हणून करुणा आणि मी धाडच्या आठवडी बाजारात गेलो. भाजीच्या ओळी संपल्या की पुढे कपड्यांचे ढीग लागायचे, तिथे हारूनचाचा बसायचे. गठ्ठ्यानं माल आणायचे, गठ्ठा उघडताना स्वतःही उत्सुकतेनं बघायचे. त्या दिवशी त्यांच्या गठ्ठ्यातून निळे शर्ट निघाले. गडद निळे, सगळे एकाच मापाचे, आणि डाव्या छातीवर रुपेरी धाग्यानं काढलेलं एवढंसं चिन्ह.

"देख बेटा, तीन शेर," चाचा म्हणाले. "इंडिया टीमका माल हाय. और कोनाच्या शर्टावर शेर राहते?"

रंग निळा, सिंह तीन. करुणानं पाकिटातून नाणं काढलं, सिंह मोजले. तीन. म्हणजे तसे चार, चौथा मागच्या बाजूला असतो, तो कोणालाच दिसत नाही, हे आम्हाला चौथीपासून पाठ होतं. तिनं शर्ट उन्हात धरला. धागे जरा विस्कटलेले होते, वरती मुकुटासारखं काहीतरी होतं.

"उज्जे, नाण्यावरचे तं पाठीले पाठ लावून उभे हायत. हे चालून काऊन राह्यले?"

"खेळायच्या शर्टावरचे हायत ना ते," मी म्हणाले. "मैदानात काय उभेच राहतीन? अन् शेर तं शेर असते. घे."

अशी मी. पुढे शिक्षिका झाले, पण घाईघाईत ठोकून द्यायची सवय अजून गेली नाही.

पाठीवर नंबर रंगवायला शर्ट करुणाच्या आईकडे गेले. विमलकाकूंचं घर गावाच्या उगवतीला, विहाराशेजारी. घरात शिरलं की समोर शिवणयंत्र आणि त्याच्या वर भिंतीवर अशोकस्तंभाची तसबीर, रोज पुसलेली. विमलकाकू अख्ख्या गावाची झंपरं शिवायच्या, पण त्यांचं खरं नाव होतं ते झुलींसाठी. पोळ्याला बैलांच्या पाठीवर घालायची झूल त्यांच्याच हातची हवी, असा गावात हट्ट असायचा. त्यांच्या स्वतःच्या दारात बैल नव्हता. तरी तोरणाखाली शंभर जोड्या उभ्या राहिल्या की त्या लांबूनच सांगायच्या, ही हिरव्या किनारीची झूल पाटलांची, ही आरशांच्या फुलाची उज्जीच्या बापाची. प्रत्येक घराची नक्षी त्यांनी वेगळी ठेवलेली होती. गर्दीत बैल बुजला तर ज्याचा त्याला ओळखू आला पाहिजे, एवढाच त्यांचा हिशेब.

त्यांनी शर्टावरच्या चिन्हावर अंगठा फिरवला, मान वर करून भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "करुणे, आपले सिंह असे नसते वं."

"तुले काय कळते त्यातलं आई? तू नंबर काढ."

काकूंनी नंबर काढले. 

ते पुढचे पंधरा दिवस! माझ्या आयुष्यात पुढे लग्न झालं, नोकरी लागली, पण असा तोरा पुन्हा आला नाही. निळा शर्ट घालून आम्ही धाडच्या चौकातून चालत जायचो ते मुद्दाम लांबच्या रस्त्यानं. जीपवाले हात दाखवायचे, दुकानाच्या पायरीवरून कोणीतरी हाक मारायचं, "इंडिया टीम, कुठं निघाल्या?" आणि आम्ही मागे वळून न पाहता हसायचो. तालुका आम्ही असा मारला की समोरच्यांचा अख्खा संघ बाद करून दोनदा लोण दिला. रात्री मी शर्ट उशीखाली ठेवून झोपायची, आणि तो वाळत घातला असला की कोंबड्या हाकलायला कोणाला तरी बसवायची.

जिल्ह्याच्या स्पर्धा दोन दिवसांच्या होत्या. शनिवारी सकाळी उपांत्य सामना, रविवारी दुपारी अंतिम. शनिवारचा सामना आम्ही जिंकलो, आणि घाम पुसत बसलो होतो, तेव्हा तो शहरातला संघ सरावाला आला. तीच बारा नंबरची पोर पुढे होती. तिनं आमच्याकडे पाहिलं, जवळ येऊन वाकून पाहिलं, आणि मग ती जी हसली!

"ए, इकडं या गं! निंदणवाल्या इंग्लंडकडून खेळून राह्यल्या!"

आम्हाला काहीच कळेना. त्यांच्यातली एक तर जमिनीवर बसून हसत होती. शेवटी गुणलेखकाच्या टेबलावरचे एक चष्मेवाले गृहस्थ आले, त्यांनाच आमची दया आली असावी. हळू आवाजात म्हणाले, "बाई, हे इंग्लंडच्या क्रिकेट संघाचं चिन्ह हाय. त्यांचे एक दिवसाच्या सामन्याचे शर्टही निळेच असतात. तीन सिंह, वर मुकुट. आपलं नाही हे."

करुणाचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. आदल्या वर्षी हरल्यावरसुद्धा नाही. तिनं चिन्हावर हात ठेवला, शपथ घेताना ठेवतात तसा, आणि बसमध्ये बसल्यावरही तो काढला नाही.

त्या बसमधला तास मात्र मला शाळेच्या बारा वर्षांपेक्षा जास्त शिकवून गेला. वानखडे सर खेळाबरोबर इतिहासही शिकवायचे. बस बुलढाणं मागे टाकून मोकळ्या रानात आली. चूक आपलीही आहे, आपण शर्ट नीट पाहिला नाही, हे त्यांना लागलं होतं. मग ते एकदम बोलायला लागले. म्हणाले, हे सिंह मुळात खेळाचे नाहीतच. आठशे वर्षांपूर्वी तिकडचे सरदार लोखंडी टोप घालून लढायचे. टोपात तोंड झाकलेलं, समोरचा आपला की परका कळायला मार्ग नाही. म्हणून ढालीवर खूण रंगवायची. कोणाची रेघ, कोणाचा पक्षी. तीन सिंह ही तिथल्या राजाची खूण.

"इंग्लंडात सिंह असते काय सर?" मी विचारलं.

"जंगलात एक नाही. राजाला भेट म्हणून आलेले किल्ल्यात पिंजऱ्यात ठेवायचे. आणि गंमत सांगू? जुने जाणकार या सिंहांना बिबटे म्हणायचे. असा चालणारा, तोंड फिरवून पाहणारा प्राणी म्हणजे बिबट्या, अशी त्यांची रीत. त्यांचं त्यांनाच पक्कं नव्हतं, तुमचं काय घेऊन बसलात."

त्यावर आम्ही थोड्या हसलो. करुणा हसली नाही. ती खिडकीकडे तोंड करून होती. सर पुढे म्हणाले, "ढालीवर खूण, झेंड्यावर खूण, घोड्याच्या अंगावर गळ्यापासून गुडघ्यापर्यंत कापड टाकायचे, त्याच्यावर पण तेच तीन सिंह."

तेव्हा तिनं मान वळवली. "घोड्याच्या अंगावर कापड? म्हणजे झूल?"

"झूलच म्हण ना."

"माही आई करते तेच?"

"तेच."

ती पुन्हा खिडकीकडे वळली, पण आता तिचा हात छातीवर नव्हता.

पुढे कॉलेजात, आणि नंतरही, मी या खुणांच्या मागे उगाचच लागले. जखम झाली की माणूस खपली काढत बसतं तसं. इंग्लंडच्या फुटबॉलवाल्यांच्या छातीवरही तेच तीन सिंह आहेत, फक्त त्यांच्याभोवती दहा गुलाब. रग्बी खेळणारे सिंहांच्या वाटेला जात नाहीत, त्यांच्या पांढऱ्या शर्टावर एकच लाल गुलाब. गुलाबाचीही कथा आहे. तिथल्या दोन मोठ्या घराण्यांत गादीसाठी वर्षानुवर्षं लढाया झाल्या, एकाची खूण लाल गुलाब, दुसऱ्याची पांढरा, आणि मग लग्न होऊन दोन्ही एका फुलात बसवले. वाचताना मला सारखं वाटायचं, यात आपल्याकडच्या भाऊबंदकीपेक्षा वेगळं काय आहे? बांधावरून डोकी फोडायची आणि मग सोयरीक करायची. आणि आपल्या क्रिकेट संघाच्या छातीवरच्या ताऱ्याचं मूळही इंग्रजी अमलातल्या एका मानचिन्हात आहे असं म्हणतात. तेव्हा हारूनचाचांना तरी किती दोष द्यायचा?

मला त्यात एक गोष्ट फार आवडली. राजाची ती खूण एकेकाळी दुसऱ्या कोणी लावली असती तर मुंडकं उडालं असतं. आज ती गिरणीत, खाणीत राबलेल्यांच्या नातवांच्या छातीवर आहे, दूरदेशाहून तिकडे जाऊन राहिलेल्यांच्या पोरांच्या छातीवर आहे. त्यांनी घाम गाळला, खूण त्यांची झाली. राजाला कोणी विचारायला गेलं नाही.

पण हे शहाणपण नंतरचं. त्या शनिवारी दुपारी विमलकाकूंच्या ओसरीवर आम्ही बारा जणी बसलो होतो आणि प्रत्येकीच्या मांडीवर इंग्लंड होतं. दुसरे शर्ट मिळणं शक्य नव्हतं. चिन्ह उसवावं तर खालचं कापडच फाटत होतं, एकावर करून पाहिलं. जुने तणनाशकवाले घालावेत तर सगळ्यांचे एकसारखे नव्हते, आणि तसे यंदापासून पंच चालवून घेणार नव्हते.

"आपलेच सिंह लावू," करुणा म्हणाली, भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट करून. "अशोकाचे. आई, काढशील काय?"

सर ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते. म्हणाले, "ते लावता येत नाही बेटा. ती सरकारची मुद्रा आहे, मनात आलं म्हणून कोणालाही वापरता येत नाही. कायदाच आहे."

"म्हणजे त्यायचे सिंह बाजारात ढिगानं भेटतात, अन् आपले आपल्याले लावताबी येत नाई?"

 

काकूंनी पोळ्याच्या झुलीतून उरलेली लाल मखमल काढली. यंत्रात सुई बदलली. म्हणाल्या, "वरून तुकडा लावून झाकून टाकते. सांगा, काय काढू? दिवस बुडायच्या आत सांगा." मग एकच गलका झाला. वाघ. नागीण. वीज. एकीनं कमळ म्हटलं, दुसरीनं तिला निवडणुकीची आठवण करून दिली. करुणा सगळ्यांचं ऐकत होती आणि स्वतःच्या बोटांकडे पाहत होती.

"खुरपं काढ, आई."

मग मी उसळले. सरळ सांगते, मला लाज वाटली. ज्या नावानं वर्षभर झोप उडवली, ज्या डागांवर मी लिंबं घासली, ते आता छातीवर शिवून घ्यायचं? "मी नाई घालत," मी म्हणाले. "उद्या सारं बुलढाणं हासन आपल्याले. तूच म्हणे ना, हे नाव चिकटू द्याचं नाई?"

"चिकटलंच हाय ते. हासूनच राह्यले ना लोकं? मंग त्यायनं म्हणाच्या आधी आपणच लिहून घेऊ. उज्जे, त्या राजानं बी सोताची खूण सोताच ठरवली असन. कोणाच्या घरी विचाराले गेला नसन."

"तो राजा होता!"

"अन् तू कोण हायस?"

विमलकाकूंनी पायडलवरचा पाय थांबवला आणि अगदी सहज विचारलं, "उज्जे, तुही माय आता कुठं असन?"

आई कुठे असणार? तिसऱ्या प्रहरी माझी आई जिथे रोज असायची तिथेच, कपाशीच्या ओळीत, उकिडवी. आणि तिच्या हातात काय असेल हे काकूंनी विचारलंच नाही. मी उठले आणि ओसरीच्या टोकाला जाऊन पाठ करून बसले. करुणानं वहीच्या पानावर चित्र काढून आईला दिलं. पातं वर, मूठ खाली, राजाच्या तलवारीसारखं उभं खुरपं. काकूंचं यंत्र सुरू झालं, आणि मी नाही म्हटलं तरी माझाही शर्ट त्याच ढिगात होता.

रात्रभर शिवून काकूंनी पहाटे बांधून दिलेले शर्ट रविवारी बुलढाण्याच्या मैदानावर पिशवीतून निघाले तेव्हा पहिल्यांदा आम्ही ते नीट पाहिले. लाल मखमलीचा ढालीच्या आकाराचा तुकडा, कडेला झुलीचा पिवळा गोट, मधे पांढऱ्या कापडाचं खुरपं. काम इतकं सुबक की खालचं इंग्लंड नावालाही दिसत नव्हतं. पण खुरपं उलटं. मूठ वर गळ्याकडे आणि पातं खाली. बाराच्या बारा शर्टांवर तसंच.

"आईनं घाईत कागद उलटा धरला," करुणा पुटपुटली.

"उलटं खुरपं!" मी जवळजवळ रडत होते. "आधीच खुरपं, त्यात उलटं!"

सर म्हणाले, "पंच बोलावून राह्यले. घाला मुकाट्यानं."

आम्ही मैदानात उतरलो आणि व्हायचं तेच झालं. बारा नंबरनं हात मिळवताना छातीकडे पाहिलं. "खुरपं? अन् तेबी उलटं लटकलं!" कुंपणाजवळ उभ्या असलेल्या त्यांच्या शाळेच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, "निंदणवाल्या" सुरू झालं. माझे कान तापले. करुणानं आम्हाला गोल करून उभं केलं आणि म्हणाली, "आयकू येऊन राह्यलं ना? ते आपलं नाव घेऊन राह्यले. घेऊ द्या." एवढंच. आणि काय झालं कोणास ठाऊक, त्या ओरडण्याची धार गेली. छातीवर तेच लिहिलेलं असल्यावर चिडवणार तरी काय?

पूर्वार्धात आम्ही पाच गुणांनी मागे होतो. उत्तरार्धात करुणानं एकटीनं चढाया करून तो फरक धुऊन काढला. तिचं ते वाकून आत शिरणं, पाय मारून परत फिरणं, मी डाव्या कोपऱ्यातून पाहत होते आणि माझ्या तोंडून कसलेकसले आवाज निघत होते. शेवटच्या मिनिटाला दोन्हीकडे गुण सारखे. शेवटची चढाई त्यांची. बारा नंबर आली.

ती उंच होती, पल्ला लांब, आणि आदल्या वर्षी तिनं माझ्याच अंगावरून उडी मारून सामना नेला होता. ती माझ्या कोपऱ्याकडे सरकली. मी खाली बसले. अगदी खाली, टाचा टेकवून, कपाशीच्या ओळीत बसते तशी. वानखडे सर नेहमी म्हणायचे, तुम्हाला बैठक मी शिकवली नाही, तुमच्या आयांनी शिकवली. तिला वाटलं मी घाबरून बसले. तिनं पाय पुढे टाकला, आणि मी गवताचं मूळ धरतात तसा तिचा घोटा दोन्ही हातांनी धरला. मूळ वरून धरायचं नसतं, वरून धरलं की तुटून येतं. बोटं खाली घालून, मातीला लागून धरायचं. ती उसळली, मला ओढत मध्यरेषेकडे निघाली. मुरमावर माझं कोपर सोलत होतं, कानात तिचा "कबड्डी कबड्डी" फाटत चालला होता. रेषा एक हात राहिली. मी सोडलं नाही. वरून करुणा येऊन पडली, मग सगळ्याच येऊन पडल्या, आणि त्या ढिगाखाली मला तिचा दम तुटलेला ऐकू आला. मग शिट्टी.

एका गुणानं जिंकलो! मी उठले तेव्हा मैदानाच्या पलीकडच्या भिंतीवरून कोणीतरी ओरडत होतं. शेजारी इमारतीचं काम चाललं होतं, तिथल्या बाया घमेली खाली ठेवून केव्हापासून सामना बघत होत्या. त्यांतली एक हात वर करून, पदर खोचून ओरडत होती, "वा रे निंदणवाल्या! वा!" बाकीच्या बायांनी ते उचललं, मग आमच्या सरांनी, मग कुंपणाजवळच्या पोरांतल्या काहींनीसुद्धा. सारं मैदान त्या नावानं दणाणलं. बारा नंबर धुळीत बसून होती. मी हात दिला. तिनं माझी डागाळलेली बोटं पुन्हा एकदा पाहिली आणि धरून उठली. म्हणाली, "काय धरते बे तू. जिवाले लागलं." आणि मग छातीवरच्या मखमलीवर बोट ठेवून, "कोणी शिवलं? लय भारी शिवलं." मी सांगितलं, कप्तानाच्या आईनं. त्यातला उलटेपणा तिनं पुन्हा काढला नाही, आणि मीही नाही.

हे सगळं मी यंदाच्या पोरींना सांगितलं, मधल्या दोन सुट्ट्या खर्चून. त्यांनी मोबाइलमधले सिंह पुसून टाकले. आता भांडणं चालू आहेत. एक म्हणते ज्वारीचं कणीस, एक म्हणते सातपुड्याची रांग, एकीची आई केळीच्या बागेत कामाला जाते तिला केळफूल हवंय. मी मधे पडत नाही. भांडू द्या. खूण अशीच ठरते.

त्या रविवारी आम्ही धाडला उतरलो, गुलालानं लाल होऊन, आणि वाजतगाजत गावात आलो. दिवस अजून होता. वाटेत वावरातून आया बांधावर आल्या. माझी आईही आली, हात पदराला पुसत. तिनं माझ्या छातीवर पाहिलं, जरा जवळ येऊन पाहिलं, आणि तोंडावर पदर धरून हसू लागली. मला वाटलं, हीसुद्धा. पण ती हसता हसता डोळे पुसत होती.

करुणानं बक्षिसाची ढाल आईच्या यंत्रावर ठेवली. विमलकाकू उभ्या राहिल्या, ढालीला हात लावला, मग लेकीच्या केसांतला गुलाल झटकला. करुणा खाली मान घालून म्हणाली, "आई, सिंहायचं तू पह्यलेच सांगितलं होतं. मी आयकलं नाई." काकूंनी नुसती मान हलवली.

मला मात्र राहवलं नाही. जिंकण्याच्या भरात माणूस धीट होतं. मी म्हणाले, "काकू, सारं झकास झालं, पण खुरपं उलटं लावलं तुम्ही. करुणानं तं पातं वर काढलं होतं. लोकं हासले."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की या पोरीनं इतकी वर्षं निंदण केलं ते काय केलं.

"उलटं कोणाकडून?" त्या म्हणाल्या. "पातं वर केलं असतं तं ते तुह्या गळ्याले लागलं असतं. खुरपं कोणी पातं आपल्याकडं करून धरते काय? मी काय लोकायसाठी शिवलं? खाली पाह्य."

मी मान वाकवून छातीकडे पाहिलं. पातं पुढे, माझ्यापासून दूर होतं. मूठ माझ्याकडे होती.